सर समोरून आले की मी वाट बदलते

पत्र : मॅडम, मी पारनेर तालुक्यातील एका लहान गावची. नगरला एम.ए. केले, सेट उत्तीर्ण झाले आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात इतिहास विषयात पीएच.डी.साठी नोंदणी केली. त्याला वीस महिने झाले. माझा विषय ‘पेशवेकालीन महाराष्ट्रातील दुष्काळ आणि समाज : १७१३ ते १८१८’ असा आहे. कोर्सवर्क संपले, चार वह्या टिपणांनी भरल्या, मोबाइलमध्ये पुस्तकांच्या पानांचे शेकडो फोटो आहेत. पण प्रबंधाचे म्हणावे असे एक पानही लिहिलेले नाही. मोडी शिकले, पण भरभर वाचता येत नाही. माझे मार्गदर्शक चांगले आहेत, कधी रागावत नाहीत, फक्त म्हणतात, “काहीतरी लिहून आणा, मग बोलू.” दाखवण्यासारखे काही नाही म्हणून चार महिन्यांत मी त्यांना भेटलेले नाही. सर समोरून आले की मी वाट बदलते आणि मागच्या बाजूने ग्रंथालयात जाते. ते परिषदेला बाहेरगावी गेले की सुटल्यासारखे वाटते. माझी रूममेट सूक्ष्मजीवशास्त्रात आहे. तिच्या लॅबमध्ये सहा-सात जण असतात. चहा, भांडणे, वाढदिवस सगळे तिथेच होते. मी मात्र दिवसभर कोणाशी बोलत नाही. एवढ्या मोठ्या विद्यापीठात मी असले काय नि नसले काय! दोन महिन्यांनी सल्लागार समितीपुढे सादरीकरण आहे. नोंदणी रद्द होऊ शकते असे कानावर येते; पैसे भरून दोन पेपर छापून घे, असेही सांगतात. गावाजवळच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवण्याची संधी आली आहे. घरचे विचारतात, कधी संपणार? रात्री दोन-तीन वाजेपर्यंत झोप येत नाही. हे सोडून द्यावे का? — एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर :

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : आत्ता सोडू नका. पीएच.डी. अर्धवट सोडणे हे पाप आहे असे मी मानत नाही. योग्य वेळी सोडून सुखी झालेली माणसे मी पाहिली आहेत. पण ज्याला खरोखर सोडायचे असते त्याच्या बोलण्यात विषयाचा कंटाळा असतो आणि तुमच्या पत्रात तो कुठेही नाही. दुष्काळाबद्दल, कागदांबद्दल, मोडीबद्दल तुम्ही एकही नाराजीचा शब्द लिहिलेला नाही. तुम्ही लिहिले आहे ते भीतीबद्दल, आणि भीतीच्या भरात घेतलेला निर्णय पुढे बरीच वर्षे छळतो. म्हणून आधी भीती कशाची आहे ते पाहू.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य सरांना टाळण्याचे आहे. सर वेळ देत नाहीत अशी तक्रार करणारी पत्रे माझ्याकडे पुष्कळ येतात आणि त्यांतील काही रास्त असतात. तुमची गोष्ट वेगळी आहे. इथे दार उघडे आहे आणि तुम्हीच उंबरठ्यावरून परत फिरता. आपल्याकडे कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये अशी रीत आहे आणि ती तुम्ही नकळत संशोधनालाही लावली आहे. काहीतरी पुरे झाले, नीटनेटके झाले, की ते घेऊन जाऊ, असे म्हणता म्हणता पहिला महिना गेला. दुसऱ्या महिन्यात, आता इतक्या दिवसांनी जायचे तर अधिक काहीतरी हवे, असे वाटले. चौथ्या महिन्यात तर एखादे आख्खे प्रकरणच हवे असे वाटू लागले असेल. व्याज असे चढत जाते. मार्गदर्शकाकडे मात्र रिकाम्या हातानेच जायचे असते. ज्या दिवशी सांगण्यासारखे पुष्कळ असेल त्या दिवशी त्यांची गरज उलट कमी असेल. मी स्वतः अनेक वर्षे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूचे सांगते : चार महिने न फिरकलेला विद्यार्थी आला की मनात पहिला विचार रागाचा नसतो, “बरे झाले, आला एकदाचा” असाच असतो. सर “काहीतरी लिहून आणा” म्हणतात त्यातला ‘काहीतरी’ हा शब्द तुम्ही ऐकलेलाच नाही. तुम्ही त्याचा अर्थ ‘प्रकरण’ असा लावून बसला आहात.

आता, काहीही लिहून का होत नाही, याकडे येते. त्यात तुमचा आळस मला दिसत नाही. चार वह्या आळशी माणसाच्या भरत नाहीत. अडचण तुमच्या विषयाच्या शीर्षकात आहे. बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळाल्यापासून पेशवाई संपेपर्यंतची १०५ वर्षे, सगळा महाराष्ट्र, सगळे दुष्काळ आणि शिवाय समाज! गोविंद सखाराम सरदेसाई यांनी मदतनीस हाताशी घेऊन पेशवे दफ्तरातील, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या जुन्या कागदांतील, निवडक कागद प्रसिद्ध केले तेव्हा त्या निवडीचेच ४५ खंड झाले. ते १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत निघाले आणि मागे न छापलेले कागद किती उरले ते रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या, रांगा पाहिल्यावरच कळते. ज्या काळाच्या निवडक कागदांनाच पंचेचाळीस खंड लागतात त्यावर एकट्या मुलीने कुठून लिहायला सुरुवात करावी? त्यामुळे तुम्ही वाचत राहिलात आणि जेवढे वाचले तेवढे न वाचलेले डोळ्यांपुढे वाढत गेले.

विद्यापीठाच्या मोठेपणाने तुम्ही दडपून गेला आहात तेही मला याचेच दुसरे अंग वाटते. गणेशखिंडीतील हा परिसर चारशे एकरांहून मोठा आहे, विभाग कितीतरी आहेत, संलग्न महाविद्यालये शेकड्यांनी आहेत. असे ठिकाण कोणाचीही दखल आपण होऊन घेत नाही आणि त्याने ती घ्यावी ही अपेक्षाही चुकीची आहे. पण चारशे एकरांत राहतो कोण? तुमच्या रूममेटला विद्यापीठ मोठे वाटत नाही, कारण तिचे विद्यापीठ एका खोलीएवढे आहे. तुम्हालाही तुमचे विद्यापीठ खोलीएवढे करायचे आहे आणि तुमचा विषय एका परगण्याएवढा. ही दोन्ही कामे एकाच वेळी होतील. किंबहुना एक झाले की दुसरे सोपे होईल.

विषयाचे आधी बोलू. तुम्ही पारनेरच्या आहात, म्हणजे दुष्काळ तुम्हाला पुस्तकातून कळलेला नाही. मग पारनेर परगणाच का घेऊ नये? आणि १०५ वर्षांऐवजी तीन वर्षे का घेऊ नयेत? १८०३–०४ चा दख्खनचा दुष्काळ पुणे-नगर भागात फार भयंकर होता हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्याच्या आगेमागे काय घडत होते ते ओळीने मांडून पाहा. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून गेला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्याने इंग्रजांशी वसईचा तह केला. मे १८०३ मध्ये तो इंग्रजांच्या पाठबळाने पुण्यात परतला आणि ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. म्हणजे या काळात तुमच्या गावाच्या आसपासच्या मुलखातून एकामागून एक फौजा गेल्या. त्यांच्या घोड्याबैलांना वैरण लागली, माणसांना धान्य लागले, आणि पेरणीच्या दिवसांत कुणबी गाव सोडून पळाला असेल तर पाऊस पडला काय अन् न पडला काय, पीक येणार कुठून? तेव्हा प्रश्न असा तयार होतो : पारनेर परगण्यातील १८०३–०४ चा दुष्काळ पावसाने आणला की फौजांनी, आणि सरकारी कागदांत त्याची जी कारणे नोंदली गेली ती शेतसाऱ्यात सूट मागणाऱ्या गावकऱ्यांची होती की सूट देणाऱ्या अंमलदारांची?

हा प्रश्न तुम्ही जसाच्या तसा उचलावा असा माझा आग्रह नाही. पण तो कसा वागतो ते पाहा. ‘दुष्काळ आणि समाज’ हे शब्द वाचले की काय शोधायचे ते कळत नाही. वरचा प्रश्न वाचला की कोणता रुमाल मागायचा ते कळते. प्रांत अजमासात, म्हणजे प्रांताच्या अंदाजपत्रकांत, त्या सालांचा अंदाजी वसूल आणि प्रत्यक्ष वसूल यांत किती फरक आहे, सुटीचे हुकूम आणि तगाईच्या (शेतकऱ्याला सरकारने दिलेल्या कर्जाच्या) नोंदी कोणत्या महिन्यापासून दिसू लागतात, रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, वैरणीच्या किंवा धान्याच्या खर्चाबद्दल काय आहे, हे सगळे मर्यादित आणि मोजण्यासारखे आहे. पारनेरचे कागद कोणत्या शीर्षाखाली लावलेले आहेत ते आधी पेशवे दफ्तराच्या सूचींत पाहा. त्या धामधुमीच्या सालांचे कागद तुटक निघाले, तर कोणत्या महिन्यात लिखापढी थांबली आणि कधी पुन्हा सुरू झाली हीसुद्धा पुराव्याचीच गोष्ट आहे. एक सावधगिरी मात्र ठेवा. हे दफ्तर इतिहासकारांच्या सोयीसाठी सांभाळले गेलेले नाही. इंग्रज सरकारला इनामांच्या दाव्यांची शहानिशा करायची होती म्हणून ते जपले गेले. त्यामुळे जमीन, हक्क आणि वसूल यांबद्दल ते भरभरून बोलते आणि उपाशी माणसाबद्दल फार थोडे. ज्याच्याकडे सूट मागण्याइतकीही जमीन नव्हती तो या कागदांत कुठे सापडतो का, हे शोधण्यात तुमच्या प्रबंधाचे खरे मोल असेल असे मला वाटते.

मोडी भरभर वाचता येत नाही याची लाज बाळगू नका. पहिले वर्षभर ती कोणालाच येत नाही. शंभर वेगवेगळ्या हातांचे कागद चाळण्यापेक्षा एकाच कारकुनाच्या हातचे वीस कागद वाचा. त्याची वळणे, त्याची जोडाक्षरे, त्याचे आवडते संक्षेप एकदा डोळ्यांत बसले की वेग आपोआप येतो. सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळात जाणकार वाचक भेटतात, त्यांच्या शेजारी बसा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये ते मंडळ सुरू केले तेच मुळी अशा कागदांसाठी. कालगणनेचाही सराव ठेवा. कागदावर ‘सन अर्बा मयातैन व अलफ’ असे दिसले की चार, दोनशे आणि हजार मिळून शुहूर सन १२०४ झाला. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. म्हणजे हेच तुमचे १८०३–०४ साल. मृगाला सुरू होणारे हे वर्ष मुळात शेतकऱ्याचे वर्ष आहे, त्यामुळे दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्याला ते इसवी सनापेक्षा सोयीचे पडते. दुष्काळाचा एक पूर्ण हंगाम त्यात सलग बसतो.

शीर्षक आता बदलता येईल का, अशी शंका तुमच्या मनात आलीच असेल. व्याप्ती कमी करणे आणि विषय बदलणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा दुष्काळ दुष्काळच राहणार आहे. त्याची रीतसर पद्धत सरांना आणि विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाला विचारा, पण सादरीकरणाच्या आधी विचारा, कारण हा बदल समितीपुढे मांडण्यासाठी त्यासारखी दुसरी जागा नाही.

सरांना आज रात्रीच ईमेल लिहा. त्यात चार महिन्यांच्या मौनाची लांबलचक कारणमीमांसा नको. क्षमायाचनेची पत्रे वाचणाऱ्याला अवघडून टाकतात. मजकूर साधारण असा ठेवा : “सर, सप्रेम नमस्कार. गेले चार महिने मी भेटायला आले नाही, कारण विषयाची व्याप्ती मला आवरत नव्हती आणि दाखवण्यासारखे काही नाही असे वाटत होते. व्याप्ती एका परगण्यापुरती आणि १८०२ ते १८०५ एवढ्या काळापुरती मर्यादित करावी असा माझा विचार आहे. त्याबद्दल आपले मत हवे आहे. एका कागदाचे लिप्यंतर आणि त्यावरील दोन पानी टिपण सोबत आणते. पुढील आठवड्यात आपल्या सोयीने अर्धा तास मिळेल का?” एवढे पुरे. आणि मग ती दोन पाने लिहा. एकच कागद घ्या. त्याचे लिप्यंतर करा, तारीख काढा, तो कोणी कोणाला लिहिला आहे ते नोंदवा, त्यात मागणी काय आहे आणि कारण काय दिले आहे ते लिहा, आणि शेवटी तुम्हाला न कळलेले शब्द व न सुटलेले प्रश्न स्वतंत्रपणे मांडा. तो शेवटचा भाग गाळू नका. शिक्षकाला बोलण्यासाठी तिथेच जागा मिळते. अशी वीस टिपणे झाली की तुमच्या हातात प्रकरण असेल, फक्त त्याला प्रकरण म्हणायला तुम्ही घाबरणार नाही.

सादरीकरणाच्या आणि नोंदणी रद्द होण्याच्या धास्तीबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे वसतिगृहातील ऐकीव माहितीने फार नुकसान केलेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.चे सध्याचे विनियम नोव्हेंबर २०२२ मधील आहेत. त्यांनुसार कोर्सवर्क धरून किमान मुदत तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे आहे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत सवलत आहे. वीस महिने हा काही वेळ निघून गेल्याचा आकडा नव्हे. सल्लागार समितीपुढे प्रत्येक सत्रात प्रगती मांडायची असते. प्रगती असमाधानकारक वाटली तर समितीने तिची कारणे नोंदवून सुधारणेचे उपाय सुचवायचे असतात आणि ते उपायही अमलात आले नाहीत तरच, कारणे देऊन, नोंदणी रद्द करण्याची शिफारस तिला करता येते. तुम्ही ज्या दिवशी “व्याप्ती जास्त होती, ती कमी केली, हे पाहा पहिले टिपण” असे म्हणाल त्या दिवशी समितीतील अनुभवी माणसांना हायसेच वाटेल. व्याप्ती कमी करणारा विद्यार्थी वाटेवर आलेला असतो हे त्यांना ठाऊक असते.

पैसे भरून पेपर छापण्याचा सल्ला मात्र ज्याने दिला असेल त्याच्याशी या विषयावर पुन्हा बोलू नका. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलेला असण्याची जी सक्ती आयोगाच्या २०१६ च्या विनियमांत होती ती २०२२ च्या विनियमांत नाही. विद्यापीठाचा वेगळा नियम असेल तर तो पीएच.डी. विभागातून लेखी घ्या. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा हा धंदा किती बोकाळला होता हे तुमच्याच विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले होते. आयोगाच्या तेव्हाच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली जी नियतकालिके त्यांनी तपासली त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरली. पुढे कोणी तुमचे नाव शोधील तेव्हा असा एक निबंध तुमच्या दहा चांगल्या पानांवर सावली धरील. त्याऐवजी ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या विषयाजवळचे तीन प्रबंध उघडा आणि केवळ त्यांच्या अनुक्रमणिका व प्रस्तावना वाचा. त्यांतील चांगला प्रबंध कोणता ते तुम्हाला पाच मिनिटांत कळेल. बहुधा तोच सर्वांत अरुंद असेल.

आता एकटेपणाकडे येते. रूममेटच्या लॅबचा तुम्हाला हेवा वाटतो तो स्वाभाविक आहे, पण तिथली सोबत कोणाच्या चांगल्या स्वभावातून आलेली नाही. एकच यंत्र, एकच फ्रीज आणि एकच सिंक सात जणांनी वापरायचे असल्यामुळे आली आहे. मानव्यविद्यांत सामायिक सिंक नसते. आपल्याकडे प्रत्येक जण आपली वही घेऊन वेगळ्या कोपऱ्यात बसतो आणि त्यालाच अभ्यास समजतो. म्हणून सोबत मुद्दाम उभारावी लागते. तीन किंवा चार जण पुरेत, पाचवा आला की बैठक ठरता ठरत नाही. एक मराठी विभागातला, एक भूगोलातला, एक समाजशास्त्रातला, आणि तुम्ही. आठवड्याचा एक वार ठरवा, कँटीनमधले एक टेबल ठरवा आणि प्रत्येकाने त्या आठवड्यात लिहिलेली दोन पाने मोठ्याने वाचून दाखवायची असा नियम करा. लिहिलेले नसेल तरी यायचे आणि “लिहिले नाही” एवढे म्हणून दुसऱ्यांचे ऐकायचे. मैत्री होईलच अशी हमी मी देत नाही, पण ठरलेल्या वारी तुम्ही आला नाहीत तर तीन माणसे फोन करतील. ‘असले काय नि नसले काय’ या तुमच्या प्रश्नाचे यापेक्षा चांगले उत्तर मला सुचत नाही. जयकर ग्रंथालयातही रोज जागा बदलू नका. एकच टेबल धरा आणि ठरलेल्या वेळी तिथे बसा. पंधरा दिवसांत तिथला कर्मचारी तुम्हाला ओळखू लागेल आणि जुनी पुस्तके कुठे आहेत ते त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते. त्या माणसांशी आदराने वागा, ही माझी जुनी सूचना मी प्रत्येकाला देते.

विद्यापीठ लहान करून घेतल्यावर त्याच्या मोठेपणाचा उपयोग सुरू होतो, हेही सांगायला हवे. १८०३ मध्ये पाऊस खरोखर कमी झाला होता का, हा प्रश्न एकट्या इतिहासकाराला सुटणारा नाही. पण तुमच्या परिसरात भूगोल विभाग आहे, वातावरणशास्त्राचा विभाग आहे आणि पलीकडे पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, जिथे सागाच्या झाडांच्या वर्षवलयांवरून जुन्या काळच्या पावसाचा अंदाज बांधण्याचे संशोधन झालेले आहे. एखाद्या लहान गावातील विद्वानाला हे प्रश्न विचारायला माणूस शोधावा लागेल. तुम्हाला सायकल पुरे. नेमका, छोटा प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या विद्याशाखेतील लोक सहसा परत पाठवत नाहीत. “दुष्काळाबद्दल काही सांगा” म्हणाल तर चहा देतील. “१८०३ च्या मान्सूनबद्दल वर्षवलये काय सांगतात” म्हणाल तर कपाट उघडतील.

झोपेचे मात्र हसण्यावारी नेऊ नका. पहाटेपर्यंत झोप न येणे हे दोन आठवड्यांहून अधिक चाललेले असेल, भूक मंदावली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर संशोधनाचा विचार बाजूला ठेवून आधी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जा आणि समुपदेशकाची वेळ घ्या. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही शासकीय दूरध्वनी सेवा दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. रूममेटलाही सांगा. सकाळी आठला लॅबमध्ये जाणारी मुलगी रात्री तुमचे ऐकून घेणार नाही असे तुम्ही गृहीत धरले आहे, तिला विचारलेले नाही.

तासिका तत्त्वावरील काम मी आत्ता घेऊ नये असे म्हणेन. अधिछात्रवृत्ती घेत असाल तर तिच्या अटींत दुसरे सशुल्क काम बसते का ते आधी वाचा. पण अटीत बसले तरी पारनेर आणि पुणे यांच्यामधील प्रवासात तुमचे आठवड्याचे तीन दिवस जातील आणि उरलेल्या दिवसांत तुम्ही थकव्याला अभ्यास म्हणाल. शिकवण्याची हौस असेल तर विभागातच विचारा. आयोगाच्या विनियमांत संशोधकांना आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन-साहाय्याचे काम देता येते असे म्हटले आहे आणि तेवढे प्रमाण मला योग्य वाटते. पैशाची निकड घरात खरोखर असेल तर माझे मत बाजूला ठेवा, तो निर्णय वेगळा आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण सरांना टाळण्यासाठी हे काम घेऊ नका. घरच्यांना “कधी संपणार” याचे उत्तर सालात देऊ नका, कामात द्या. आई-वडिलांना सांगा की आपल्या तालुक्यात दोनशे वर्षांपूर्वी पडलेल्या दुष्काळाचे कागद मी वाचते आहे आणि दिवाळीला येताना त्यातला एक वाचून दाखवीन. गावातल्या जुन्या माणसांनी त्या कागदातील एखाद्या शिवाराचे नाव ओळखले, तर तुमच्या अडलेल्या दोन-चार शब्दांचा उलगडा तिथेच होईल. शेताच्या आणि ओढ्यांच्या नावांबाबत गावकरी कोशांपेक्षा भरवशाचे असतात.

जाता जाता एक सांगायचे राहिले. तुम्ही ज्या परिसरात राहता त्याच्या आसपासच्या माळावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि दुसऱ्या बाजीरावाने ती पर्वतीवरून पाहिली, असे सांगतात. तुमच्या जुन्या शीर्षकाचे शेवटचे पान म्हणजे तुमच्या वसतिगृहाच्या खिडकीतून दिसणारी जमीन होती. नव्या शीर्षकात ती येणार नाही, याची थोडी हळहळ मलाही आहे. ग्रंथालयाकडे जाणारी ती मागची वाट मात्र सोडू नका. झाडी चांगली आहे म्हणतात, आणि संध्याकाळी फिरायला ती बरी आहे. सोमवारी सकाळी विभागात जाताना पुढच्या रस्त्याने जा; सर समोरून आलेच तर ईमेल मिळाला का, एवढेच विचारायचे आहे.